हात सर्वांत शेवटी

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि सकाळी सव्वासहाला येणारा पेपरवाला जिने चढत नाही. दादरच्या आमच्या जुन्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीच्या अंगणात तो सायकल उभी करतो, पेपराची घट्ट गुंडाळी करून तिला रबरबँड लावतो आणि खालूनच ती तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत फेकतो. गुंडाळी कठड्यावरून आत येते आणि बहुतेक वेळा तुळशीच्या कुंडीच्या अलीकडे पडते. कित्येक वर्षे मी त्याच्या हाताचे कौतुक करत होते. गेल्या वर्षी मे महिन्यात एकदा लवकर खाली उतरले असताना त्याला तसे बोलूनही दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, नुसत्या हाताने फेकला तर दुसऱ्या मजल्याच्या वर जात नाही.” आणि पुढची गुंडाळी त्याने मला दिसावे म्हणून जरा सावकाश फेकली.

त्या सावकाश फेकीत मला दिसले ते असे. फेकताना तो इमारतीकडे तोंड करून उभा राहत नाही. त्याचा डावा खांदा इमारतीकडे असतो. गुंडाळी धरलेला उजवा हात मागे, गुडघ्याच्या जरा वर, सैल लोंबत असतो. डावा पाय पुढे पडतो, टाच टेकते, आणि त्या क्षणी हात अजून मागेच असतो, किंबहुना आणखी थोडा मागे जातो. मग कंबर वळते, कंबरेमागून छाती वळते, खांदा पुढे येतो, आणि कोपर व मनगट यांची पाळी येते तेव्हा फेकीचे बहुतेक काम उरकलेले असते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दंडाचा पुढचा स्नायू आकुंचन पावला की कोपर वाकते आणि मागचा आकुंचन पावला की ते सरळ होते, हे मी फळ्यावर आकृती काढून अनेक वर्षे सांगत आले आहे. ते खोटे नाही. पण एका सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या एका जोडीवरून फेक मुळीच कळत नाही, हे मला त्या सकाळी अंगणात उभी असताना जाणवले. आणि ते जाणवण्याला आणखी एक कारण होते.

माझी अकरा वर्षांची भाची तेव्हा नुकतीच शिवाजी पार्कवर क्रिकेट शिकायला जाऊ लागली होती. तिची फलंदाजी बरी होती, झेलही ती न घाबरता घ्यायची, पण सीमारेषेजवळून फेकलेला तिचा चेंडू तीन-चार टप्पे खात, गवतातून सरपटत कीपरकडे पोहोचायचा. तिला मैदानावर सांगण्यात आले होते की हातात ताकद आण. घरी येऊन ती मला म्हणाली, “मावशी, माझ्या हातात जोरच नाहीये.” पुढच्या रविवारी मी कठड्यावर बसून तिच्या हाताऐवजी तिचे पाय पाहिले. उजव्या हाताने फेकताना ती उजवाच पाय पुढे टाकत होती. त्यामुळे कंबर आधीच वळून बसलेली असायची, छातीला वळायला जागाच उरत नसे, आणि सगळे काम एकट्या कोपराला करावे लागे. लहान मुले फेकायला शिकतात तेव्हा बहुतेक सगळीच या पायरीवरून जातात: आधी पाय न हलवता नुसता हात, मग त्याच बाजूचा पाय, आणि सरावाने पुढे विरुद्ध बाजूचा पाय. माझी भाची मधल्या पायरीवर होती, एवढेच. तिच्या वर्गातली मुले गल्लीत रोज शेकडो वेळा फेकून ती पायरी केव्हाच ओलांडून गेली होती आणि तिला तेवढ्या वेळा फेकायला कोणी बोलावले नव्हते. “मुलीसारखे फेकणे” असे जे म्हटले जाते, त्याचा मला मनापासून राग येतो. ज्याला शंका असेल त्या उजव्या हाताच्या पुरुषाने डाव्या हाताने दगड फेकून पाहावा. डाव्या हाताचे स्नायू काही लुळे नसतात. त्यांना फक्त एकामागोमाग एक येण्याचा क्रम शिकवलेला नसतो.

या क्रमाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पाय आणि धड हे शरीराचे सर्वांत जड भाग आहेत आणि सर्वांत मोठे स्नायू, म्हणजे मांड्यांचे, कुल्ल्यांचे आणि पाठीचे, तिथेच आहेत. जड भाग फार वेगाने हलू शकत नाही, पण तो हलला की त्याच्यात पुष्कळ गती साठते. पुढचा पाय जमिनीत रोवला जातो तेव्हा खालून वर येणारी ही गती अडते. कंबर वळून मंदावू लागते आणि तिची गती छातीकडे जाते, छाती मंदावते आणि गती दंडाकडे जाते, तिथून कोपराच्या पुढच्या हाताकडे, तळव्याकडे, बोटांकडे. प्रत्येक पुढचा भाग आधीच्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याच्या वाट्याला येणारा वेग वाढत जातो. धुतलेली चादर वाळत घालण्याआधी आपण झटकतो, तेव्हा हाताची हालचाल जेमतेम वीतभर असते आणि चादरीचे दूरचे टोक फटकन वाजते, ते याच कारणाने. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्रा यांनी ८०० ग्रॅमचा भाला ८७.५८ मीटर फेकला, त्या फेकीत शेवटी त्यांचा डावा पाय कसा ताठ रोवला जातो ते पाहावे. धावत आलेले अख्खे शरीर त्या एका पायावर थबकते, आणि थबकलेल्या शरीराची गती भाल्यात जाते.

मात्र चादरीला स्नायू नसतात, आणि इथेच विषय खरा रंगतो. कंबर पुढे वळून गेली असताना छाती मागे राहते तेव्हा पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात. छाती पुढे गेली असताना हात मागे राहतो तेव्हा छातीचा मोठा स्नायू आणि खांद्याच्या पुढच्या बाजूच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे, ताणल्या जातात. ताणला जात असतानाच आकुंचन पावू लागलेला स्नायू साध्या आकुंचनापेक्षा अधिक बळ देतो, आणि ताणलेल्या कंडरा बेचकीच्या रबरासारखी ऊर्जा साठवून ती एका झटक्यात परत करतात. खांद्याच्या वरून चेंडू फेकणाऱ्याचे छायाचित्र योग्य क्षणी काढले, तर त्याचा पुढचा हात इतका मागे गेलेला दिसतो की तळवा आकाशाकडे असतो आणि हात जवळजवळ जमिनीला समांतर असतो. तिथून पुढे येताना दंडाचे हाड स्वतःच्याच अक्षाभोवती फिरते. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलपटूंमध्ये हा फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७००० अंश इतका मोजला गेला आहे. मानवी शरीराच्या ज्ञात हालचालींमध्ये याहून वेगवान हालचाल क्वचितच सापडेल. अर्थात हा वेग टिकतो तो डोळ्याचे पाते लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ.

२०१३ मध्ये संशोधक नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की खांद्याच्या या झटक्यातली मोठी ऊर्जा अशी ताणातून साठवलेली असते, आणि ती साठवता यावी अशी शरीररचना, म्हणजे लांब आणि वळणारी कंबर, बाजूला तोंड करून असलेली खांद्याची खोबण आणि दंडाच्या हाडाचा कमी पीळ, ही तिन्ही वैशिष्ट्ये एकत्र दिसू लागतात ती सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टस या आदिमानवाच्या प्रजातीमध्ये. चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी बळकट असतो, तरी त्याची फेक बारा वर्षांच्या सरावलेल्या मुलाच्या फेकीच्या एकतृतीयांश वेगाचीच असते. हे मी भाचीला सांगितले तेव्हा जोराविषयीचा तिचा प्रश्न बराचसा मिटला.

कोपराची गोष्ट तर मला सर्वांत अधिक आवडते. फेकताना कोपर ज्या वेगाने सरळ होते तो वेग दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूने दिलेला असणार, असे पाठ्यपुस्तकावरून कोणालाही वाटेल. एका जुन्या प्रयोगात फेकणाऱ्याच्या त्या स्नायूकडे जाणारी चेता औषधाने तात्पुरती बधिर करण्यात आली. थोड्या सरावानंतर तो आपल्या नेहमीच्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेगाने फेकू शकला. कोपर सरळ करणारे बळ मुख्यतः धडाच्या आणि दंडाच्या फिरण्यातून येते. पुढचा हात जणू भिरकावला जातो. मग ट्रायसेप्स काय करतो? तो कोपराला योग्य क्षणापर्यंत सावरून धरण्यात आणि शेवटी नेमकेपणा आणण्यात हातभार लावतो. गोफण फिरवणारा शेतकरी दोरीला ढकलत नाही, ती कुठे सोडायची ते ठरवतो. इथे स्नायूचे काम काहीसे तसेच आहे.

हे सगळे सुरू होते ते पायांपासून, आणि तेही हात हलण्यापूर्वी. याची प्रचीती घरच्या घरी घेता येते. ताठ उभे राहावे, एक तळवा स्वतःच्याच मांडीच्या मागच्या बाजूला ठेवावा आणि दुसरा हात झटकन समोर खांद्यापर्यंत उचलावा. मांडीमागचा स्नायू कडक झालेला तळव्याला जाणवतो. १९६७ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी विद्युत्‌संकेत मोजून दाखवले की पायाचा हा स्नायू खांद्याच्या स्नायूच्या आधी जागा होतो. हात पुढे गेला की शरीराचा तोल पुढे जाणार, हे मेंदू आधीच धरून चालतो आणि आधी पाया बांधतो, मग हात उचलतो.

आधीच धरून चालण्यावाचून मेंदूला गत्यंतरही नसते. मेंदूपासून हाताच्या स्नायूंपर्यंत संदेश पोहोचायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. हातात काय चालले आहे याची वर्दी मेंदूपर्यंत जाऊन, तिथे तिचा अर्थ लागून, उलट आज्ञा स्नायूपर्यंत यायची तर त्याला पन्नासाहून अधिक मिलिसेकंद हवेत, आणि डोळ्यांनी पाहून दुरुस्ती करायची तर दीडशे-दोनशे. वेगवान फेकीत हात पुढे झेपावण्याचा टप्पा मात्र जेमतेम पन्नास मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे चूक कळेपर्यंत चेंडू हातातून गेलेला असतो. सगळा क्रम आधीच लिहून पाठवावा लागतो, पत्रासारखा.

त्यात बोटे सुटण्याचा क्षण तर फारच नाजूक. साधा हिशेब करून पाहू. यष्ट्यांची उंची ७१ सेंटीमीटर आहे. वीस मीटरवरून पाहिल्यास ती सुमारे दोन अंशांची भरते. ताशी ९० किलोमीटर वेगाने, जवळजवळ हाताच्या लांबीच्या त्रिज्येवर वळत जाणारा तळवा एका मिलिसेकंदात साधारण तेवढाच वळतो. म्हणजे चेंडू एखाद-दुसरा मिलिसेकंद आधी सुटला तर तो कीपरच्या डोक्यावरून जातो आणि उशिरा सुटला तर जमिनीत घुसतो. चांगले फेकणारे शेवटी हाताची वाट थोडी सपाट करून ही फट जरा रुंद करून घेतात, तरीही ती काही मिलिसेकंदांपलीकडे जात नाही. शिवाय बोटे आपण “उघडतो” हाही समज पुरता खरा नाही. हात वेगाने पुढे जात असताना चेंडू बोटांवर मागे रेलतो आणि त्याच रेट्याने बोटांवरून घरंगळत निसटतो. बोटांचे स्नायू उलट त्या रेट्याला नेमका तेवढाच विरोध करत असतात. चेंडू जड असेल तर मेंदू बोटांची पकड आधीच वाढवतो, म्हणून टेनिस बॉलची सवय असलेला मुलगा १६० ग्रॅमच्या लेदर बॉलशी काही फेकींतच जुळवून घेतो. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या आपल्या कांगा लीगमध्ये ओला चेंडू फेकणाऱ्यांच्या बोटांना दर षटकागणिक हे नव्याने साधावे लागत असणार.

इतके सांधे, इतके स्नायू आणि इतका कमी वेळ असताना मेंदू प्रत्येक स्नायूला वेगळा हिशेब कसा देतो, हा प्रश्न निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मॉस्कोत फार सुंदर रीतीने विचारला. हातोड्याने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांवर त्याने छोटे दिवे लावले आणि त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पोहोचत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोडे वेगळे हलत होते. खांदा जरा पुढे गेला तर कोपर ते भरून काढत होते. म्हणजे कसबी माणूस तीच हालचाल पुन्हा करत नसतो. तो तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवत असतो. आमचा पेपरवाला सोमवारी पातळ अंक फेकतो आणि रविवारी पुरवण्यांनी फुगलेला जाड अंक फेकतो, आणि दोन्ही कुंडीच्या अलीकडेच पडतात, तेव्हा मला बर्नस्टाइनचे ते दिवे आठवतात.

आता थांबण्याविषयी. फेकीत स्नायूंचे सर्वांत कष्टाचे काम चेंडू सुटल्यानंतर सुरू होते, आणि ते कोणी पाहत नाही. चेंडू गेला, पण हात तसाच वेगात आहे. त्याला काही मिलिसेकंदांत थांबवायचे आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला गोळा. वेगवान फेकीनंतर त्या गोळ्याला बशीतून बाहेर ओढणारे बळ शरीराच्या वजनाइतके किंवा त्याहूनही अधिक असू शकते. त्याला आत धरून ठेवण्यात रोटेटर कफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार लहान स्नायूंचा मोठा वाटा असतो. त्यांतले मागचे दोन, लांबत लांबत, ब्रेकसारखे काम करतात. ही बशी ज्या हाडाचा भाग आहे ते खांद्याचे पाते बरगड्यांवर नीट धरून ठेवणारे स्नायू वेगळेच. ते थकले तर पाते सरकते आणि लहान स्नायूंवर अधिक भार येतो.

हे मला अनुभवाने कळले. तीन वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या क्रीडादिनी शिक्षकांच्या सामन्यात, अंग गरम न करता, एकाच जागी उभी राहून मी चेंडू पूर्ण जोराने फेकला आणि खांद्याच्या मागच्या बाजूला काहीतरी चमकले. पुढचे पाच आठवडे मला केस विंचरता येत नव्हते आणि लोकलमध्ये वरची कडी धरता येत नव्हती. ज्या फिजिओथेरपिस्टकडे मी गेले, त्यांनी खांदा तपासला आणि मग मला एका पायावर उभे राहायला सांगितले. माझा तोल गेला. त्यानंतर खांद्याइतकेच व्यायाम कुल्ल्यांचे आणि पाठीचे झाले. ते कशासाठी, हे तेव्हा मला कळले नव्हते. खालून जी गती यायला हवी ती आली नाही की तिची भरपाई खांदा करतो आणि थांबवण्याचा भारही त्यालाच सोसावा लागतो, हा त्याचा अर्थ होता.

भाचीला मी हे सगळे सांगितले नाही. स्नायूंची नावे सांगून फेक सुधारत नाही. उलट लक्ष कोपराकडे वळवले की आपोआप चाललेला क्रम विस्कटतो, हे अनेक खेळाडू अनुभवाने सांगतात. मी फक्त तिला बाजूला वळून उभे राहायला आणि डाव्या पायाने लक्ष्याकडे पाऊल टाकायला सांगितले, आणि खडूने जमिनीवर ते पाऊल आखून दिले. पहिल्या दिवशी चेंडू वाटेल तिकडे गेले, एक तर मागे बसलेल्या आजोबांच्या पिशवीवर पडला. तिसऱ्या रविवारी मात्र पाऊल पडल्यावर तिचा हात किंचित मागे राहिलेला मला दिसला. तेवढे एक दिसले की बाकीचे येते. चौथ्या महिन्यात तिचा चेंडू सीमारेषेजवळून एका टप्प्यात कीपरच्या हातात जाऊ लागला, आणि त्या काळात तिच्या दंडाचा घेर वाढला असेल तर तो नजरेला येण्याइतका नक्कीच नव्हता.

हे शिकणे बरेचसे घडते ते डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूत. आकाराने तो संपूर्ण मेंदूच्या साधारण एकदशांश आहे, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास एकट्या त्याच्यात आहेत. पाठवलेल्या आज्ञेचा परिणाम काय व्हायला हवा होता आणि प्रत्यक्षात काय झाला, यातला फरक तो टिपतो आणि पुढच्या आज्ञेत तेवढी दुरुस्ती करतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना दृश्य एका बाजूला सरकवणारा लोलकांचा चष्मा घालून मातीचे गोळे लक्ष्यावर फेकायला दिले होते. सुरुवातीचे गोळे बाजूला गेले आणि मग हळूहळू मध्यावर आले. चष्मा काढल्यावर ते विरुद्ध बाजूला जाऊ लागले, म्हणजे दुरुस्ती शरीरात भिनली होती. लहान मेंदूला इजा झालेल्या अनेकांना मात्र हे जमले नाही. आणि त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: खांद्यावरून फेकताना झालेली ही दुरुस्ती बहुतेकांच्या बाबतीत खालून फेकताना लागू पडली नाही. हात तोच, डोळे तेच, लक्ष्य तेच, तरी ती फेक मेंदूच्या लेखी वेगळी.

गेल्या रविवारी मला त्याचा पुरावाच मिळाला. सीमारेषेवरून हुकमी फेकणाऱ्या माझ्या भाचीला यष्ट्यांपासून पाच-सहा पावलांवरून, वाकून, खालून चेंडू मारायचा होता. एकूण अकरा चेंडूंपैकी नऊ डावीकडून गेले. ती वैतागून माझ्याकडे पाहू लागली, तेव्हा मी तिचे पाय पाहिले. उजवा पाय पुढे होता. पण वाकून धावत येताना खालून फेकणारे कित्येक चांगले क्षेत्ररक्षक उजवाच पाय पुढे ठेवतात, त्यामुळे इथे चूक पायात आहे की आणखी कुठे, ते मला अजून सांगता आलेले नाही. येत्या रविवारी खडू घेऊन जाणार आहे.